चोवीस दारांचे गाव

१

येरमटोल्यात घरे तेवीस होती. दारे चोवीस. चोवीसही दारांवर गेरूने लिहिलेली फवारणीची खूण होती. मार्गशीर्षात तापाने गेलेली माणसे तीन, त्यांत दोन लहान पोरे. आणि भिंतींवर डासांचे औषध अजिबात नव्हते.

एवढे मोजून मुखरू पिंपळशेंडे मोहाच्या झाडाखाली उभ्या केलेल्या बैलगाडीच्या जुवावर टेकला. त्याच्या पाठीचे टाके ढिले झाले होते. चांद्याहून निघाल्यापासूनचे हे कितवे गाव, हे त्याने मोजणे सोडून दिले होते. तो मलेरिया पथकात कीटक सहायक होता. गोंडपिपरीकडच्या धान पेरणाऱ्या घरातला मुलगा, नागपूरचा बी.एस्सी.; आणि काम काय, तर डास पकडायचे, काचेच्या पेल्यात घालून पेला अर्धा तास भिंतीवर दाबून धरायचा, मग ते डास जाळीच्या पिंजऱ्यात दिवसभर ठेवायचे आणि मेलेले मोजायचे. भिंतीवर डी.डी.टी. असेल तर जवळजवळ सगळे मरतात. काल त्याने येथल्या सहा भिंतींवर एकशे वीस डास लावले होते. मेले तीन. तेवढे तर नुसत्या पिंजऱ्यातही मरतात.

"झालं मोजणं?" दादाजी बोबडेंनी विचारले. ते पथकाचे निरीक्षक, पेन्शनीला आलेले, गुडघे दुखतात म्हणून सदा गाडीतच बसलेले. "आता तरी पटलं ना, मुखरूभाऊ? उद्या सकाळी एटापल्लीच्या ठाण्यात देतो याले."

'याला' म्हणजे पोचूला. पोचू गाडीच्या चाकाशी उकिडवा बसला होता. त्याला कोणी बांधले नव्हते, आणि पळून जायचे त्याच्या मनातही दिसत नव्हते. भादव्यात या गावची फवारणी त्याने केली होती. निदान तसे दारांवर लिहिले होते. त्याचा जोडीदार हंगाम संपताच सिरोंच्याकडे निघून गेला होता, म्हणून गावाला दिलेल्या सगळ्या डी.डी.टी. पावडरीचा जाब एकट्या पोचूवर आला होता.

"पावडर कुठी गेली, एवढं सांग," दादाजी म्हणाले.

"फवारली."

"कुठी फवारली?"

"घरात."

"मंग भिंतीवर काऊन नाई?"

पोचूने एकदा गावाकडे पाहिले आणि मान खाली घातली. दोन दिवस हेच चालले होते. गावकऱ्यांना विचारावे तर तेही तेच सांगत. गावचा म्हातारा पटेल वारलू शांतपणे म्हणाला होता, "फवारली ना. घराले फवारली. आमी पाह्यलं."

"सगळे सामील हायेत," दादाजी गाडीतून उतरत म्हणाले. "त्याची बहीण दिली हाये या गावात. चला, तुमाले एक गंमत दाखवतो. यानं माणसाच्या घरासंगं आणखी कोनाचं घर फवारलं, ते पाहा."

२

वारलूच्या घरामागे बांबूच्या ताट्यांचे एक खोपट होते. त्याला सागाच्या फळीचे चांगले जाडजूड दार होते. दारावर गेरूने लिहिले होते : ४–१६–१–९/९. आत पाच शेळ्या होत्या.

"शेळ्याईचा कोंडवाडा," दादाजी म्हणाले. "आणि हे म्हने सोळा नंबरचं घर. खोली एक. असं वाढवून लिवलं की पावडर वाचते. वाचली की विकता येते."

मुखरू त्या खुणेकडे पाहत राहिला. खूण साधी होती. चार खाने, ठरलेल्या क्रमाने : टोळीचा नंबर, घराचा नंबर, फवारलेल्या खोल्या, तारीख. भिंतीवर लिहिली तर बाया दिवाळीला सारवतात आणि खूण पुसली जाते, म्हणून ती दारावर लिहायची, असा पथकाचा नियम होता.

नोकरीआधी मुखरूने नागपूरच्या एका सांख्यिकी कचेरीत वर्षभर भोके पाडलेली कार्डे यंत्रातून काढली होती. तेथेही असेच खाने असत. या खान्यात वय, त्या खान्यात माणसे, पलीकडे पिकाचे नाव. आकड्याच्या जागी अक्षर पडले की यंत्र ते कार्ड बाहेर फेकी. प्रत्येक खान्यात त्याच्याच प्रकारची चीज हवी, याबाबत ते यंत्र सासूपेक्षा कडक होते. सगळे खाने जुळले की चार भोकांतून एक अख्खे कुटुंब उभे राही : इतकी माणसे, इतक्या बैलजोड्या. पण कोणी सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचे वय सात लिहिले, तर यंत्र ते मुकाट्याने गिळी. त्याला प्रकार कळे. कार्ड कोणाचे, हे त्याला कळत नसे.

येथेही चोवीसच्या चोवीस खुणा यंत्राने घेतल्या असत्या.

"मी एकदा सगळी दारं पुन्हा पाहून येतो," तो म्हणाला.

"काल पाह्यली की."

"काल मोजली. आज वाचतो."

दादाजींनी कपाळाला हात लावला आणि ते सावलीला गेले.

मुखरू एकेका दारापुढे उभा राहिला. खूण वाचायची, तिच्यातून मनाशी एक घर उभे करायचे आणि मग समोरच्या घराशी ते ताडून पाहायचे. पहिल्याच दारावर नऊ नंबर. शेजारी दोन. मग एकवीस, चौदा, तीन. फवारणारा माणूस घरोघर चालत जातो आणि चालता चालता नंबर टाकतो. इथे तो टोळासारखा उड्या मारत गेल्यासारखा दिसत होता. आळशी चोराने नुसत्या खुणाच रंगवल्या असत्या, तर त्या तरी ओळीने रंगवल्या असत्या.

मग खोल्या. वारलूच्या दारावर तीन लिहिले होते, आत दोन. दादाजींच्या म्हणण्याला हे धरून होते. पण पुढच्या गल्लीत एका दारावर एक खोली होती आणि आत चांगल्या दोन. त्यापलीकडे तसेच आणखी एक. पावडर चोरणारा खोल्या वाढवून लिहील. कमी लिहून स्वतःचे नुकसान कोण करील?

खुणा नीट होत्या. घरेही नीट होती. फक्त ती एकमेकांची नव्हती.

पाठीमागे कोणी खाकरले. फॉरेस्ट गार्ड झाडू काठी टेकून उभा होता. तो दिवाळीनंतर या बीटावर बदलून आला होता.

"साहेब," तो म्हणाला, "पावडर कुठी गेली ते मले ठाऊक हाये."

३

डोह गावापासून लांब नव्हता. पाणी काळसर आणि थंड होते.

"या हप्त्यातच इथी मासे उलटे होऊन तरंगून राह्यले होते," झाडूने काठीने दाखवले. "टोपल्याच्या टोपल्या नेल्या लोकाईनं. पोचूनं पावडर विकली, यायनं पान्यात टाकली. सोपं हाये."

"तू पाहिलीस टाकताना?"

"टाकताना नाई. मासे पाह्यले."

"पाहिलेस की खाल्लेस?"

झाडूने जरा विचार केला. "पाच-सहा."

"विषानं मेलेले समजून?"

"धुऊन खाल्ले ना, साहेब."

मुखरूला हसू आले, आणि हसण्याने बरगड्या दुखल्या. तो काठावर बसला. पाण्यावर लांब पायांचे किडे घसरत होते. काठच्या कुजक्या पानांत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. त्याने ओंजळभर पाणी घेऊन उन्हात धरले. आठ-दहा अळ्या वर-खाली नाचत होत्या, त्यांतल्या काही चांगल्या मोठ्या, या हप्त्याच्या आधीपासूनच्या.

"या पाण्यात आपली पावडर पडली असती, तर मासे मागून मेले असते," तो म्हणाला. "आधी या अळ्या मेल्या असत्या. आणि या तर मजेत आहेत."

"मंग मासे कशानं मेले?"

"झाडाची साल कुटून टाकली असेल. तिनं मासे गुंगतात. डोह आटला की टाकतात लोक, तुलाही ठाऊक असेल."

"वाटलंच मले," झाडू म्हणाला. "कडू नोहते लागले."

म्हणजे पावडर डोहात नव्हती. भिंतींवरही नव्हती. आणि पोचू म्हणत होता, घरात फवारली. माणूस खोटे बोलतो तेव्हा थोडे तरी सजवून बोलतो. पोचूचे एका शब्दाचे उत्तर दोन दिवसांत बदलले नव्हते.

परत येताना मुखरू पोचूच्या बहिणीच्या, मंगलीच्या दारात थांबला. मेलेल्या पोरांतली एक तिची होती. "सारवण खरवडून पाहतो जरा," तो तिला म्हणाला. "बोटभर जागा." त्याच्या मनात एक साधी शंका होती : दिवाळीच्या सारवणाखाली औषध दबले असेल, मग खालच्या थरात ते सापडेल.

त्याने चाकू लावला. एक थर निघाला. त्याने आणखी खरवडले आणि त्याचा हात थांबला.

४

सारवणाखाली सारवण नव्हते.

येरमटोल्यातल्या बाया दर सणाला भिंती सारवतात. वर्षाला दोन-तीन थर बसतात. दहा वर्षांच्या भिंतीला चाकू लावला की कांद्यासारखे पापुद्रे सुटायला हवेत. येथे एक पापुद्रा आणि त्याखाली कच्ची, अजून ओलसर वास येणारी माती. तिच्यातल्या तणसाच्या काड्या नव्या धानाच्या पिवळ्या होत्या.

दार मात्र जुने होते. त्याच्या खालच्या कोपऱ्यातला, ज्यावर दार फिरते तो खुंट झिजून गुळगुळीत झाला होता. आणि ज्या खळग्यात तो फिरत होता, तो खळगा परवा कोरल्यासारखा धारदार होता.

दारावर तारीख भादव्यातली. भिंत दिवाळीनंतरची. भिंत खुणेहून वयाने लहान होती.

मुखरू उंबऱ्यावर बसला. त्याला उकल लागली तेव्हा आनंद झाला नाही.  चार खान्यांत सगळे होते, पण ती खूण कशाची, हे कोणी लिहिले नव्हते. पथकाने ती दारावर लिहिली आणि घराची म्हणून वाचली. गावाने दारे खांद्यावर घेतली आणि घर नेले. त्यांच्या लेखी घर तेच होते : तीच माणसे, तीच दारे, तेच खांब. "घराले फवारली" हे वारलूचे बोलणे शब्दाशब्दाने खरे होते.

आणि सोळा नंबर? कोण्या एकट्या माणसाचे एका खोलीचे घर असावे. नव्या जागी ते बांधलेच नाही. उरलेले दार शेळ्यांना लागले.

"मंगलीबाई," तो हळू म्हणाला, "जुनं गाव कुठी होतं?"

 मंगली त्याच्या खांद्यावरून बाहेर पाहत होती. बाहेर झाडू बिडी पेटवत उभा होता. झाडूच्या मागे, साऱ्या गावाच्या पलीकडे, दगडांचा एक चुना फासलेला मुनारा होता. जंगलखात्याची हद्द. गाव मुनाऱ्याच्या आतल्या अंगाला होते; झाडू बदलून आल्यापासून त्याने ते तिथेच पाहिलेले, म्हणून जुनेच धरून चाललेला.

५

मुखरूने आधी दादाजींना गाठले.

"दादाजीभाऊ, भादव्यात तुम्ही इथी तपासणीले आलते?"

"सही हाये माझी."

"सहीचं नाई विचारून राह्यलो."

दादाजींनी उपरण्याने तोंड पुसले. "म्हंजे काय म्हननं हाये तुमचं?"

"भादव्यात हे गाव इथी नोहतंच. तुम्ही आले असते, तर परवा गाडी इथी थांबली तेव्हाच तुमच्या ध्यानात आलं असतं. तुम्हाला काहीच वेगळं दिसलं नाई."

दादाजींनी उपरणे पुन्हा खांद्यावर टाकले. मग म्हणाले, "नाला दोन्ही थड्या भरून चालला होता. माझे गुडघे हे असे. एटापल्लीत बसून सही केली." त्यांनी पोचूकडे पाहिले. "मले वाटलं, मी नाई आलो म्हनून यानं फसवलं. माझ्या सहीवर माणसं मेली म्हनून याच्यावर राग धरला. खरं सांगतो."

"पोचूले ठाऊक होतं तुम्ही आले नाई ते. बोलला नाई."

"काऊन नाई बोलला?"

त्याचे उत्तर वारलूकडे होते. मुखरू त्याच्या अंगणात गेला तेव्हा म्हातारा शिंदीच्या पानांची चटई विणत होता. मंगली आधीच येऊन कुडाशी बसली होती.

"पटेल, मले आता समजलं," मुखरू म्हणाला. "नाल्यानं काठ खाल्ला का?"

वारलूचे हात चालूच राहिले. "पावसाच्या शेवटी. मोठा लोंढा आला. माझ्या बहिनीच्या, सुकरीच्या परसात पानी आलं. ती एकटी. म्हनली, मी आता नवं घर नाई बांधत, तुझ्याच घरी राहतो." तो थांबला. "दिवाळी झाली अन आमी वर आलो. उंच जागा हीच. मुनाऱ्याच्या आत हाये, ते आमाले दिसते. तहशीलीत अर्ज द्यावा तर पुढच्या पावसापर्यंत उत्तर नाई. नाला अर्ज वाचते का?"

"पोचूले हे सांगता आलं असतं."

"त्यानं सांगितलं की झाडू रिपोट करन. मंग हत्ती आनून घरं पाडतीन. म्हनून तो गप."

मुखरूने जे होते ते सरळ मांडले. जुन्या गावच्या भिंती उभ्या असतील तर त्यांवर औषध सापडेल. सापडले की पोचू सुटेल. पण मग जुनी जागा कोणती आणि नवी कोणती, हे लिहावे लागेल. न लिहावे तर उद्या सकाळी पोचू ठाण्यात.

"तुम्ही सांगा," तो म्हणाला. "मी तुम्हाला न विचारता तिकडं जाणार नाई."

वारलूने चटई बाजूला ठेवली. मंगली पहिल्यांदाच बोलली. तिचा आवाज बसलेला होता.

"पोरगी गेली. आता भाऊबी जाऊ द्यू का?"

 मग वारलू गुडघ्यावर हात टेकून उठला.

"चाल. दाखवतो. अन त्या फॉरेस्टवाल्यालेबी संगं घे."

"झाडूला? कशाला?"

"चोरून दाखवलं तर आमी चोर. त्याच्या डोळ्यांदेखत दाखवतो. मंग त्याले जे करायचं ते करो."

६

जुने गाव नाल्याच्या वळणावर, बांबूच्या बेटांमागे होते. गाडीवाटेवरून ते दिसत नव्हते. छपरे नव्हती, खांब नव्हते, दारे नव्हती; भिंती तेवढ्या उभ्या होत्या, आणि प्रत्येक भिंतीत दाराएवढे भोक. काठावरची दोन घरे अर्धी नाल्यात गेली होती. दादाजीही गुडघे सांभाळत मागून आले होते. पोचू पुढे चालला. या टोकाला एक नंबर, त्याला लागून दोन, मग तीन. तो न थांबता सांगत गेला. सोळाव्या भोकापाशी मुखरू आत वाकला. एक खोली. वारलूच्या घरी तीन. भिंतींचे सारवण ओल-उन्हाने फुगून सुटले होते; मुखरूने नखाने उचकटले तर पापुद्र्याखाली पापुद्रा निघत गेला. सर्वांत वरच्या थरावर पांढुरकी भुकटी होती; गाव हलवायचे म्हणून यंदाच्या दिवाळीला येथे कोणी सारवलेच नव्हते.

झाडू हे सगळे पाहत होता. तो एकदा मागे वळून मुनाऱ्याच्या दिशेने चालत गेला आणि परत आला.

"पटेल," तो वारलूला म्हणाला, "मले लिवावं लागन. माझीबी नौकरी हाये."

"लिव," वारलू म्हणाला. "नाल्याचंबी लिव."

"नाल्याचं बी लिवतो. अन मी जे मासे खाल्ले, ते नाई लिवत."

मुखरूने सहा भिंती निवडल्या. छपरे गेली होती, म्हणून उन्हात न येणारे कोपरे निवडले. डास रात्रीच पकडून ठेवलेले होते. एकेका भिंतीवर वीस, अर्धा तास पेला दाबून धरायचा. त्याचे खांदे भरून आले, तेव्हा पोचूने न सांगता पुढचा पेला धरला. हात लावू द्यावा की नाही, असा क्षणभर विचार मुखरूने केला, कारण ज्याच्यावर आरोप त्यानेच पेला धरायचा नसतो. मग त्याने तो पेला दादाजींच्या हाती दिला. दादाजी खाली बसले, गुडघे कुरकुरले, पण अर्धा तास ते हलले नाहीत.

डास पिंजऱ्यात घालून झाले. आता उद्यापर्यंत वाट पाहायची होती. दादाजींनी गाडीतल्या पेटीचे कुलूप काढले, पावडरीचे डबे बाहेर ठेवले आणि पोचूला म्हणाले, "पंप धर. वरची घरं करून टाक. यावेळी मी संगं येतो, प्रत्येक खोलीत."

"खूण कुठी लिवू?" पोचूने विचारले.

दादाजींनी मुखरूकडे पाहिले.

"भिंतीत एक दगड बसव," मुखरू म्हणाला. "त्याच्यावर लिव. सारवलं तरी दगड तसाच राहू द्यायचा, असं बायांले सांग."

नव्या गावात पंपाचा आवाज सुरू झाला. मंगलीने घरातली मडकी, टोपल्या, पोरीचा रिकामा झोळणा बाहेर आणून अंगणात ठेवला. मुखरू बाजूने चालला होता. तिने त्याला थांबवले.

"साहेब. खालीच राह्यलो असतो तर माझी पोर जगली असती का?"

मुखरूने तिच्याकडे पाहिले. खोटे बोलणे सोपे होते, आणि ते तिला कळलेही असते.

"खालच्या भिंतींवर औषध असलं, तर तिथं डास कमी असते," तो म्हणाला. "ताप आला असता का नसता, ते मले सांगता येत नाई. आणि तुम्ही खाली राह्यले असते, तर नाला होता."

ती मान हलवून आत गेली. आत पोचू भिंतीवर फवारत होता. दादाजी दारात उभे राहून खोकत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुखरूने पिंजरे सावलीत ओळीने मांडले. वारलू, झाडू आणि दादाजी भोवती उभे राहिले. पोचू थोडा दूर, हात मागे घेऊन. मुखरूने एकेक पिंजरा उघडून चिमट्याने डास पांढऱ्या कागदावर काढले, हललेले एकीकडे, न हललेले दुसरीकडे, आणि शेवटी दोनदा मोजले.

जुन्या गावच्या सहा भिंती. डास एकशे वीस. मेलेले एकशे अकरा.